थोरलीचा घास

१

डॉक्टर ओरोस्कोंनी कवळी माझ्या तोंडात बसवली आणि आरसा पुढे धरला. "हसून दाखवा, सातुर्निनाबाई."

आरशात एक सुरकुतलेली म्हातारी नव्या नवरीचे दात काढून बसली होती.

"हे दात हसतायत, डॉक्टर. मी नाही," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. प्रत्येक 'स'बरोबर शिट्टी वाजली. तोंडात कुणी मातीची वाटी पालथी घातलीय असं वाटत होतं.

"होईल सवय. सुरुवातीला मऊ खा. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी मिळून चावा. एकाच बाजूने चावलंत तर वरची पट्टी उचलली जाईल. आणि घरात मोठ्याने बोलत जा, म्हणजे जीभ वळेल."

"घरात आहे कोण बोलायला?"

ते आरसा पुसायला लागले. माझी थोरली बहीण इलारिया गेल्यापासून आमच्या घरात मी आणि चिचाचे रांजण एवढेच उरलोय, हे क्लिसा गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चिचा मिळते याची खूण म्हणून दारावर काठीला पांढरं फडकं अजून होतं, मक्याची आंबवलेली चिचा प्यायला लोक अजून येत होते, पण बसत नव्हते. उभ्या उभ्या पिऊन जायचे.

घरी आल्यावर जी सुरू झाली ती निव्वळ शिक्षा. बटाटा कुस्करून खाल्ला, पाव चहात बुडवून खाल्ला, शेंगदाण्याचं सूप गाळून प्यायले. सूप गाळून पिणारी बाई या खोऱ्यात माझ्याआधी जन्मली नसेल. डाव्या हिरडीला फोड आला. लाळ इतकी सुटायची की बोलताना रुमालच लागावा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चव गेली. वरच्या पट्टीने टाळू झाकून टाकला होता, त्यामुळे मीठ काय आणि मिरची काय, सगळं एका भावात. दात आले आणि जेवण गेलं.

मग एवढा जाच कशासाठी, असं शेजारच्या प्रिमितिवाने विचारलंच. तिला मी चिचाचं कारण सांगितलं.

आमच्याकडे माणूस गेलं की तीन वर्षं त्याच्यासाठी टेबल मांडतात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारच्या घंटेला आत्मा येतो, आपल्या आवडीचं खातो-पितो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या घंटेला जातो. तिसऱ्या वर्षानंतर येत नाही. त्या घंटेला निरोप म्हणतात. यंदा इलारियाचं तिसरं टेबल होतं. बाजारच्या, मोड आलेल्या मक्याच्या पिठाची चिचा तिच्यापुढे ठेवायची तर त्यापेक्षा तिला उपाशी पाठवलेली बरी. तिला मुकोची, म्हणजे तोंडात चावलेल्या पिठाची चिचा लागायची. मुको करायला दात हवेत, म्हणून दात.

हे सगळं खरं होतं. पण याच्याखाली आणखी एक होतं, ते मी प्रिमितिवाला सांगितलं नाही. मला इलारियाला निरोपच द्यायचा नव्हता.

२

मुको म्हणजे दुसरं काही नाही. मक्याच्या पिठाची चिमूट तोंडात घ्यायची, जिभेने घोळवायची, लाळेत भिजली की चावून चावून घट्ट करायची, टाळूला दाबायची आणि अख्खा गोळा बाहेर काढून फडक्यावर वाळत घालायचा. वाळला की तो गोड होतो, आणि त्याच्यातून चिचा. बोळक्या तोंडात पीठ नुसतं फिरत राहतं, त्याचा गोळा होत नाही. दात पडल्यापासून मी म्हणूनच बाजारचं पीठ आणत होते. त्याच्यावर आमचं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा मेलितोन, म्हणायचा, "सातुका, ही चिचा की मक्याने पाय धुतलेलं पाणी?" पुन्हा वाटी पुढे करायचा तो करायचाच.

आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून मुको करायचो. ती भिंतीकडे, मी दाराकडे. आमची लग्नं कुणी जमवली नाहीत आणि आम्हीही त्याच्यासाठी कधी रडलो नाही. तोंडात पीठ असताना बोलता येत नाही, तरी आमचं भांडण व्हायचं. हातवारे करून, पाय आपटून. घास बाहेर काढला की ती पहिलं वाक्य म्हणायची, "हं, आता बोल."

टाळूला दाबलेल्या गोळ्यावर टाळूचा ठसा उठतो. ज्याचा टाळू त्याचा ठसा. फडक्यावरचे गोळे बघून आई सांगायची, हा इलारियाचा, हा सातुकाचा, हा आळशासारखा अर्धवट चावलेला सातुकाचाच. इलारियाच्या गोळ्यावर खोल वळ्या असायच्या आणि डावीकडे एक तिरपी खाच. तिचा डावा सुळा अर्धा वळलेला होता.

कवळीची थोडी सवय झाल्यावर मी एके सकाळी पीठ घेऊन बसले. फोड दुखत होता, पण गोळा जमला. मग दुसरा जमला. संध्याकाळी दव पडायच्या आत फडकं उचलायला गेले आणि गोळ्यांकडे नीट पाहिलं.

प्रत्येकावर वळ्या होत्या.

मी कवळी तोंडातून काढली आणि पट्टीवरून बोट फिरवलं. जिभेकडून ती घोटलेल्या वाटीसारखी गुळगुळीत होती. गुळगुळीत पट्टीचा ठसाही गुळगुळीतच पडणार. मी स्वतःला सांगितलं, पीठ उन्हात सुकतं, सुकताना भेगा पडतात, भेगा वळ्यांसारख्या दिसतात. मी काही अडाणी बाई नाही; शाळा शिकलेय, हिशेब तोंडी करते.

दुसऱ्या दिवशी एक गोळा केला आणि ओला असतानाच उजेडात नेऊन पाहिला. वळ्या होत्या. डावीकडे तिरपी खाच होती.

या ठिकाणी मी घाबरले असं म्हणायला हवं. मी घाबरले नाही. त्या गोळ्याची ऊब हातात होती तोवर मी तो हातात धरून अंगणात उभी राहिले, आणि तिची इतकी आठवण आली की रडू फुटलं. तिला पुरलं त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते.

३

फोडाच्या निमित्ताने मी पुन्हा ओरोस्कोंकडे गेले. त्यांनी पट्टीचा टोचणारा भाग कानशीने घासला.

"डॉक्टर, पट्टीला आतून नक्षी असते का?"

"नक्षी? मागितलीत तर फुलं कोरून देतो." त्यांनी अंगठा फिरवून दाखवला. "घोटलेली आहे. खडबडीत असती तर जीभ सोलली असती."

"आणि हा डावा सुळा वाकडा बसलाय का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कवळी खिडकीपाशी नेली. "सरळ आहे. माझ्या हातचा दात वाकडा निघाला तर मी धंदा सोडीन." मग माझ्याकडे वळले. "तुम्हीच वाकलाय. वजन फार उतरलंय. खात नाही वाटतं?"

"सकाळपासून दोन पाव, वाडगाभर सूप, उकडलेला मका, चीज आणि वर पुन्हा एक पाव. बाजारातून येताना डुकराच्या मांसाचा तुकडा."

"मग जंत झाले असतील," ते हसले. मीही हसले. दात तर आधीपासून हसतच होते.

मी खोटं सांगितलं नव्हतं. चव परत आली होती, आणि चवीबरोबर भूकही. पण चव माझी नव्हती.

किर्किन्या नावाचा पाला आमच्याकडे चटणीत वाटतात. मला त्याचा वास लहानपणापासून सोसत नाही, ढेकूण चिरडल्यासारखा वाटतो. इलारिया मूठभर घालायची. त्यामुळे आमच्या घरी चटण्या दोन वाटल्या जायच्या आणि पाटा धुवायचा कुणी यावर रोज वाद. त्या रविवारी मी बाजारात पालेवालीसमोरून गेले आणि तोंडाला असं पाणी सुटलं की जुडी घेऊन तिथेच चार पानं चघळली. नाकात तोच ढेकणाचा वास भरला. तोंडाला मात्र पाचवं पान हवं होतं.

आणखी एक होतं. मी डाव्याच बाजूने चावत होते. इलारिया तशी चावायची; उजवीकडच्या दाढा तिच्या तरुणपणीच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते तशी पट्टी उचलली जायला हवी होती. ती हलतही नव्हती, जिवंत दातांसारखी घट्ट बसली होती.

मी मनाशी म्हटलं, सवय. दोघी इतकी वर्षं एका ताटात जेवलो, एकीच्या खोडी दुसरीला लागल्या. म्हातारपणी माणूस आपल्या माणसासारखं वागायला लागतं, यात गूढ काय आहे? असं म्हणत म्हणत मी किर्किन्याची चटणी वाटली आणि पावाला फासली. माझे डोळे पाणावले होते. घास तोंडात गेला की क्षणभर ती समोर बसलीय असं वाटायचं. तेवढ्यासाठी मी दगडसुद्धा चावला असता.

पोट मात्र भरत नव्हतं. जेवून उठायचे ती उपाशीच.

४

नवी चिचा आंबून तयार झाली तेव्हा पहिली वाटी मेलितोनला दिली. त्याने प्रथेप्रमाणे चार थेंब जमिनीवर शिंपडले, घोट घेतला आणि टोमणा मारायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ही इलारियाची आहे," तो म्हणाला.

"मी केलीय."

"सातुका, मी चाळीस वर्षं या दारात पितोय." त्याने वाटी संपवली, पण पुन्हा भरायला पुढे केली नाही. जाताना मला वळसा घालून गेला.

प्रिमितिवा माझा घागरा कमरेत आत घ्यायला आली होती. टाचण्या तोंडात धरून बोलायची तिची खोड. "मागच्या महिन्यात आत घेतला, आता पुन्हा. कापड संपलं, बाई, आता तुझी कातडी शिवायची राहिली."

"खाते की मी."

"बघते ना. बैलासारखी खातेस." तिने टाचण्या काढून हातावर घेतल्या. "खातेस तू आणि अंगाला तुझ्या लागत नाही. मग कुणाच्या अंगाला लागतंय?"

तिने पाट्यावरची हिरवी चटणी बघितली होती. ती इलारियाला ताई म्हणायची, तिच्यापुढे कधी आवाज चढवायची नाही. मला मात्र लहानपणापासून कान धरून वागवायची.

"हे बघ, निरोपाच्या घंटेला घरच्या माणसाने तोंड रिकामं ठेवायचं असतं. सुपारीएवढंही काही नको. तोंडात काही असलं की आत्मा त्याला धरून राहतो. त्या दिवशी हे दात मी माझ्या हाताने पाण्यात ठेवीन. नाहीतर पुढच्या वर्षी मला तुझं टेबल मांडावं लागेल, आणि मला तुझ्या आवडीचं काही करता येत नाही."

"तुला काहीच करता येत नाही," मी म्हटलं. ती हसली नाही.

ती गेल्यावर मी कवळी काढली, स्वयंपाकघरात पाण्याच्या कपात ठेवली आणि आतल्या खोलीत आडवी झाले. ऐन दुपार होती. अंगणात ऊन इतकं की कोंबड्याही सावलीला गेल्या होत्या. तोंड रिकामं, गाल आत गेलेले, जीभ मोकळी. बरं वाटत होतं, आणि फार एकटं.

मग स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला.

ओला, मऊ, सावकाश. मला वाटलं, चुलीमागची गिनीपिगं गवत खातायत. त्यांचं दिवसभर तेच चालतं. मी कूस बदलली. पण गिनीपिगं मधेच थांबत नाहीत. हा आवाज थांबत होता. थांबायचा, टाळूवरून जीभ सुटल्याचा बारीकसा टक आवाज यायचा, फडक्यावर काही ठेवल्यासारखी शांतता, आणि पुन्हा सुरू.

मी उठले. अनवाणी दारापर्यंत गेले. तिथून अंगणापलीकडे स्वयंपाकघराचं दार दिसतं, आणि दारातून बाकाचं भिंतीकडचं टोक. आत अंधार होता. बाकाच्या कडेवरून एक करडी वेणी खाली लोंबत होती, टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा. तो गोंडा हलत होता. वारा नव्हता. जबडा चालला की पाठीवरची वेणी हलते, तेवढाच.

मला हाक मारता आली असती. दहा पावलं टाकली असती तर तोंड दिसलं असतं. मी तशीच मागे फिरले आणि पलंगावर पडले. गेलं तर थांबेल, एवढीच भीती होती. तो आवाज ऐकत ऐकत मला झोप लागली, आणि ती गेल्यापासून इतकी गाढ झोप मला त्या घरात लागली नव्हती.

उठून पाहिलं तर कवळी कपात होती. फडक्यावर मी केले त्याहून जास्त गोळे होते, आणि बाकाजवळचे ओले होते. भुकेने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

५

टेबल छान मांडलं होतं. काळं कापड, उसाची कांडी, पावाची बाळं, आत्म्याला चढायला-उतरायला पावाची शिडी, शेंगदाण्याचं सूप, हिरवी चटणी आणि मधे चिचाची घागर. पहिल्या दिवशी दुपारी घंटा वाजली तेव्हा सगळे दाराकडे बघत होते. मी बघितलं नाही. जे घरातच आहे त्याची वाट काय बघायची?

दुसऱ्या दिवशी प्रिमितिवा लवकर आली. मेलितोन प्रार्थना म्हणणार होता. त्याला त्या पाठ येतात आणि बदल्यात त्याला पाव लागतात. तिने काचेचा पेला पाण्याने भरून माझ्यापुढे धरला.

"काढ."

"घंटेला वेळ आहे."

"सातुका, काढ म्हणते ना."

मी काढली. तिने पेला टेबलावर पावांमधे ठेवला. पाण्यात ते दात फुगलेले, परक्या बाईचे दिसत होते. मेलितोनने सुरुवात केली. बाकीचे मागून म्हणत होते. मीही पुटपुटत होते. बोळक्या तोंडातून शब्द हवेसारखे निसटत होते.

मला सगळं कळत होतं. घागऱ्याचं कापड संपलंय हे कळत होतं. हातावरची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. हे दात असेच पाण्यात राहिले तर मी महिनाभरात पुन्हा सूप गाळून पिईन, मला ते मानवेल, अंगावर मांस चढेल, आणि मी अजून दहा वर्षं त्या बाकावर दाराकडच्या टोकाला बसेन. भिंतीकडे कुणी नसेल. दहा वर्षं. कुणी "हं, आता बोल" म्हणणार नाही.

प्रिमितिवाने पावाची शिडी उचलून बाजूला ठेवली. निरोपाचं टेबल असंच उचलतात, वरून खाली, एकेक वस्तू. चर्चच्या मनोऱ्यात दोर हलल्याची कुरकुर ऐकू आली. मग पहिला टोला पडला.

मी पेल्यात हात घातला.

"सातुका," प्रिमितिवा म्हणाली. ओरडली नाही. मेलितोनचा आवाज अडखळला. बाकीच्यांना काय झालं ते कळलंच नसावं; म्हातारीला दात घालायची घाई झाली, एवढंच दिसलं असेल. वरची पट्टी बसली, खालची बसली. एरवी गार पाण्यातून काढलेली कवळी बसताना झिणझिण्या यायच्या. ही ऊबदार होती. मी जीभ वर लावली. तिथे गुळगुळीत काही नव्हतं. वळ्या होत्या, ओल्या आणि खोल, आणि त्या माझ्या जिभेवर हलकेच टेकल्या.

घंटा वाजत राहिली आणि थांबली. लोकांनी क्रूसाची खूण केली, दारातून बाजूला झाले, आत्म्याला वाट दिली. दार उघडं होतं, ऊन आत येत होतं, आणि बाहेर कुणी गेलं नाही.

टेबल उचलून झालं. मेलितोनने आपले पाव फडक्यात बांधले आणि निरोप न घेता गेला. प्रिमितिवा पावाचं एक बाळ हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ज्या आवाजात ती माझ्याशी जन्मात कधी बोलली नव्हती त्या आवाजात, मान खाली घालून म्हणाली,

"इलारियाताई, तुम्ही जेवा, पोटभर जेवा. पण सातुकालाही थोडं जेवू द्या हो."

मला तिला सांगायचं होतं की रडू नकोस, मी ठीक आहे, हे मीच केलंय. पण तिने भरवलेल्या पावाचा घास तोंडात होता. तो डावीकडे गेला आणि सावकाश चावला जाऊ लागला. मला भूक लागली होती, फार भूक लागली होती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. थोरलीचं जेवून अजून व्हायचं होतं.